राखच नाही, त मंग पेटलं काय?

पत्र

नमस्कार मॅडम,

मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. शिक्षण आठवीपर्यंत. घरी कोरडवाहू शेती आहे, उन्हाळ्यात मोहफुलंही वेचतो. मुलगी दहावीला आहे. तिच्या मराठीच्या सरांनी स्वतः केलेली कविता फळ्यावर लिहून दिली आणि तिच्यातले अलंकार कारणासह लिहायला सांगितले. पोरगी 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा लिहिते, 'जसे' दिसलं की उपमा, 'नाही' दिसलं की अपन्हुती, आणि उरलेल्या सगळ्या ओळींना चेतनगुणोक्ती. वहीत जागोजागी 'कारण?' असं लाल पेनाने लिहून आलं. त्यात तिच्या बाबांनी कविता वाचली आणि हसले, "राखच नाही, त मंग पेटलं काय?" तेव्हापासून ती वही उघडत नाही, बाबांशी धड बोलत नाही. ट्यूशन लावायची तर तालुक्याला पाठवावं लागते. मला तिला घरी समजावता येईल का? कविता खाली लिहून पाठवते.

रान पेटले पळसे,
धूर नाही, नाही राख;
किती ठिणग्या मोजाव्या?
फांदीफांदीवर लाख.

मोह गाळतो पहाटे
फुले पिवळी टपोर;
नाला निजला उघडा,
अंगणात जसे पोर.

वारा चालतो धुऱ्याने,
वाजे घाट्यांचे घुंगरू;
सांज आली, वाटे जणू
गाय शोधते वासरू.

उत्तर

ताई,

आधी तुमच्या घरच्यांबद्दल. ते हसले ते चुकले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर आहे. कवितेत अलंकार कुठे आहे हे शोधताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो. पेटलं म्हटलं की धूर आला, राख आली. ती नसेल, तर 'पेटलं' या शब्दाचा सरळ अर्थ तिथे लागत नाही. सरळ अर्थ असा अडला की त्याला काव्यशास्त्रात मुख्यार्थबाध म्हणतात, आणि अडल्यावर शब्द ज्या बळावर दुसरा, जवळचा अर्थ देतो त्याला लक्षणा. मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात शब्दशक्तीचा धडा असेल, त्यात अभिधा, लक्षणा, व्यंजना ही तीन नावं सापडतील. तिच्या बाबांनी तो धडा न वाचता नेमकी ती जागा पकडली. हे तिला सांगा. त्यांनाही सांगा, म्हणजे पुढच्या वेळी हसण्याआधी थांबतील.

कवीला कोणी असा प्रश्न विचारला म्हणजे कविता हरली, असंही समजू नका. मेघदूतातला यक्ष रामगिरीवरून ढगाच्या हाती निरोप पाठवतो. तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. ढगाने निरोप कसा न्यायचा, ही शंका कालिदासाने दुसऱ्या कोणावर सोडली नाही, स्वतःच सुरुवातीला घेतली: ढग म्हणजे धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा गोळा, निरोप न्यायला जिवंत माणूस लागतो. मग तोच सांगतो की प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सजीव काय नि निर्जीव काय, हा भेद कळत नाही. तुमच्या घरच्यांची शंका इतकी जुनी आहे आणि इतक्या मोठ्या माणसाने तिला मान दिला आहे.

आता मुलीकडे येऊ. तिची अडचण अशी की ती ओळीत खुणेचा शब्द शोधते आणि शब्द सापडला की नाव लिहून मोकळी होते. गाइडांनीच ही सवय लावली आहे. खुणेचा शब्द उपयोगी असतो, पण तो पुरावा नव्हे. 'कालपासून सारखा पाऊस पडून राहिला' यात 'सारखा' आहे, उपमा कुठे आहे? 'मुलगी मावशीसारखी दिसते' यातही नाही. दोन माणसांचे चेहरे खरंच जुळतात, एवढंच ते वाक्य सांगतं. 'औंदा कापूस कमीच होईल असं वाटते' यात 'वाटते' आहे, पण उत्प्रेक्षेचा पत्ता नाही. उलट 'पावसाने दडी मारली' हे आपण जून-जुलैत रोज बोलतो, त्यात खुणेचा एकही शब्द नाही आणि तरी पाऊस माणसासारखा लपून बसलेला आहे. पंचांगातलं मृगाचं वाहन म्हैस की कोल्हा यावर पारावर तासभर बोलणारे लोक आपल्याकडे आहेत. अलंकार आपल्याला परका नाही. वहीत आला की तेवढा परका वाटतो.

म्हणून क्रम उलटा करा. ओळ वाचली की आधी विचारायचं: शिवारात खरोखर काय आहे? मग: कवी काय म्हणतो? दोन्ही एकच असेल तर पुढे चला. दोन्हींत फरक पडला तर तो नेमक्या कोणत्या शब्दाने पडला, त्यावर बोट ठेवायचं. नाव सगळ्यांत शेवटी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना ट्यूशनच्या सरांपेक्षा जास्त येतं, म्हणून तुम्ही तिला शिकवू शकता असं मी म्हणते. तुम्ही आठवीपर्यंत शिकलात याने इथे काही अडत नाही.

कविता घेऊ या. फागुनात पळसाची पानं झडलेली असतात, हिरवं काही उरत नाही, झाडभर नुसती केशरी-लाल फुलं. पहिल्या ओळीमागचं खरं एवढंच. पण तुमच्या भागात एक गोम आहे, जी शहरातल्या मुलाच्या लक्षात येणार नाही. या दिवसांत रान खरोखरही पेटतं. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा लोक जाळतात आणि तोच विस्तव पुढे जंगलात जातो. (जाळू नये, १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. पण जाळतात, हे तुम्हाला मी काय सांगावं.) म्हणजे 'रान पेटले' एवढंच वाचून हा अलंकार की वनखात्याची बातमी, हे ठरत नाही. 'पळसे', म्हणजे पळसाने, हा शब्द संशय घालतो आणि 'धूर नाही, नाही राख' ही ओळ निकाल लावते. सरांनी दुसरी ओळ शोभेसाठी लिहिलेली नाही, ही आग फुलांची आहे याची ती साक्ष आहे. मुलीच्या बाबांना जी ओळ खोटी वाटली, त्याच ओळीने पहिल्या ओळीचा खरेपणा सांभाळला आहे.

इथे मुलीने 'नाही' बघून अपन्हुती लिहिली. का चुकलं ते तिला शांतपणे दाखवा. अपन्हुतीत समोरच्या खऱ्या वस्तूला नाकारतात: हा पळस नव्हेच, हा विस्तव आहे. इथे पळसाला कोणी नाकारलं नाही. नाकारलं ते आगीचा धूर आणि आगीची राख. नकार कोणाला, हे बघितल्याशिवाय अपन्हुती लिहायची नाही. पहिल्या ओळीला मी रूपक म्हणेन, कारण पळस आणि आग यांच्यात फरक ठेवलेला नाही. दुसरीला विरोधाभास: आग आहे आणि धूर नाही, हा विरोध नुसता दिसतो, आग फुलांची आहे हे कळलं की मिटतो. कोणी दोन्ही ओळी मिळून एकच रूपक धरलं आणि कारण नीट दिलं, तर मी त्यालाही गुण देईन.

ही नावं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून एकच पळस घेऊन बसा आणि वाक्य थोडं थोडं बदलत न्या. पळस विस्तवासारखा लाल दिसतो: उपमा. पळस म्हणजे जणू विस्तवच: उत्प्रेक्षा. पळसाचा विस्तव रानभर पसरला: रूपक. हा पळस नव्हे, विस्तव आहे: अपन्हुती. विस्तवाहूनही पळस लाल: व्यतिरेक. पळसासारखा पळसच: अनन्वय. हा पळस की विस्तव, कळेना: ससंदेह. विस्तव समजून वासरू पळसापासून लांब पळालं: भ्रांतिमान. झाड तेच, रंग तोच. पळस आणि विस्तव यांच्यातलं अंतर प्रत्येक वाक्यात वेगळं आहे. उपमेत दोघं शेजारी उभे आहेत, उत्प्रेक्षेत एक दुसऱ्याच्या वेषात आल्यासारखा वाटतो, रूपकात एकरूप झालेत, अपन्हुतीत खऱ्याला हाकलून दिलंय. हा खेळ जेवताना तोंडी होतो, वही लागत नाही. दुसऱ्या दिवशी पळस सोडून कापूस घ्या. फुटलेल्या बोंडाला काय म्हणायचं ते घरातला प्रत्येक जण सांगेल.

'किती ठिणग्या मोजाव्या?' या ओळीत फूल हा शब्दच नाही. ठिणग्या तेवढ्या आहेत आणि फुलं आपण समजून घ्यायची. जुने शास्त्रकार याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानत, कारण उपमानाने (ज्याची जोड देतात त्याने, इथे ठिणग्यांनी) उपमेयाला (ज्याबद्दल बोलतात त्याला, इथे फुलांना) गिळून टाकलं. शाळेत रूपक लिहिलं तरी चालावं, फक्त कारणात 'फुलांना ठिणग्या म्हटले आहे' हे आलंच पाहिजे.

आणि मग 'फांदीफांदीवर लाख'. पत्रात या ओळीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, मुलीने तिथेही बहुतेक चेतनगुणोक्तीच लिहून टाकली असावी. मोजाव्या किती, तर लाख. हा अर्थ सगळ्यांना दिसतो. पण पळसाच्या फांदीवर दुसरी लाखही असते. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, फांदीभोवती त्यांचा राळेसारखा थर जमतो, तो खरवडून बांगड्यांची आणि सीलची लाख करतात. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना हे सांगावं लागणार नाही. एक शब्द, ओळीत दोन्ही अर्थ नीट बसतात: श्लेष. सरांच्या मनात हे होतं की नाही, माहीत नाही. मुलीला त्यांना विचारू द्या. त्यांनी 'नव्हतं' म्हटलं तरी तिचं उत्तर बाद होत नाही. अर्थ ओळीत बसतो आहे, आणि वाचणाऱ्याला तेवढं पुरेसं आहे.

दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या दोन ओळींवर तिने चेतनगुणोक्ती लिहिली, कारण मोह 'गाळतो'. इथे तिला काही शिकवायला जाऊ नका, नुसतं विचारा. मोह फुलं गाळतो की नाही? गाळतोच. पहाटे? पहाटेच, म्हणून तर आपण उजाडायच्या आत टोपली घेऊन निघतो. पिवळसर असतात का? असतात. टपोर, रसाने भरलेली? बोटांना चिकटतात तितकी. मग कवीने काय वेगळं म्हटलं? काहीच नाही. जे आहे ते, पण नेमकं सांगितलं. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली तर चेतनगुणोक्ती. इथे तर झाड जिवंत आहे आणि झाडासारखंच वागतं आहे. हिचं नाव स्वभावोक्ती, जसं आहे तसं हुबेहूब वर्णन. निसर्गकवितेत मुलं सगळ्यांत जास्त चुकतात ती इथे, कारण प्रत्येक ओळीत काहीतरी लपलेलं असणारच असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं.

थोडं विषयांतर करते, पण विदर्भातल्या वाचकांसाठी करायलाच हवं. अशा साध्या वर्णनाला अलंकार म्हणायचं की नाही, यावर शास्त्रकार भांडले आहेत. दंडीने स्वभावोक्तीला अलंकारांत पहिलं स्थान दिलं. कुंतकाने तिला अलंकार मानायलाच नकार दिला: वस्तूचा स्वभाव म्हणजे अंग, मग दागिना कोणाला घालायचा? आणि याच दंडीने लिहिण्याच्या दोन वाटा सांगताना एकीला नाव दिलं वैदर्भ. तिचे प्राण म्हणून जे दहा गुण त्याने सांगितले, त्यांत प्रसाद आहे, म्हणजे वाचताक्षणी कळेल असं बोलणं. आपल्या भागाचं नाव शेकडो वर्षं सोप्या, स्वच्छ लिहिण्याशी जोडलेलं आहे आणि आपली मुलं साध्या ओळीवर बळेच अलंकार चिकटवतात. मला याची चीड येते.

पुढच्या दोन ओळी मला या कवितेत सगळ्यांत आवडल्या. 'नाला निजला उघडा, अंगणात जसे पोर.' नाला म्हणजे आपल्याकडचा नाला, शहरातलं गटार नव्हे. फागुन संपता संपता त्याचं पाणी जातं, रेती आणि गोटे उघडे पडतात. खरं एवढंच आहे. कवी दोन गोष्टी करतो. एक, नाल्याला निजवतो; झोपणं हा जिवंत प्राण्याचा गुण, तो निर्जीवाला दिला, ही चेतनगुणोक्ती. दोन, त्या निजण्याला अंगणात उघड्या अंगाने झोपलेल्या पोराची जोड देतो, ही उपमा. म्हणजे एका ओळीला एकच नाव असतं, हेही सोडून द्यायचं. उपमेचे चार भाग तिच्याकडून काढून घ्या: नाला हे उपमेय, पोर हे उपमान, उघडं निजणं हा दोघांतला साधारण धर्म, 'जसे' हा साधर्म्यवाचक शब्द. इथवर गाइडही येतं. मग तिला विचारा, नाला आटला म्हणजे मेला का? नाही, मृगात परत वाहणार. म्हणून तो 'निजला' आहे. पोराच्या जागी दुसरं काही ठेवून बघा, 'अंगणात जसे प्रेत' म्हणा. अक्षरं तितकीच बसतात, उपमाही राहते, पण पाणी परत येण्याची आशा जाते. उपमान बदललं की ओळीचा अर्थ कुठे जातो, हे ज्याला सांगता आलं त्याला उपमा कळली. सरांनी 'कारण?' लिहिलं तिथे त्यांना हेच हवं असणार.

तिसऱ्या कडव्यात 'वारा चालतो' यावर तिने चेतनगुणोक्ती लिहिली, तिथे नाव बरोबर आहे. कारण मात्र वेगळं लिहायला हवं. 'चालतो' हे कारण कच्चं आहे. 'हवा चालून राहिली' असं आपण दिवसभर बोलतो, त्यात कोणाला माणूस दिसत नाही. बोलून बोलून त्या शब्दातला अलंकार झिजलेला आहे. पण वारा 'धुऱ्याने', म्हणजे वावराच्या बांधावरून, चालतो. धुऱ्याने कोण चालतं? ज्याला उभ्या पिकात पाय टाकायचा नाही, तो. वाऱ्याला कसलं पीक नि कसला धुरा, तो सगळ्या वावरातून जातो. कवीने त्याला शेजाऱ्याचा हरभरा न तुडवणारा समजूतदार माणूस केलं ते 'धुऱ्याने' या एका शब्दाने. कारणात तो शब्द आला पाहिजे.

घाट्यांचे घुंगरू सोपं आहे. हरभरा वाळला की घाट्यातले दाणे खुळखुळतात. घाटे हेच घुंगरू, म्हणून रूपक. शिवाय घ दोनदा आला, तो अनुप्रास. आवाजाचे अलंकार बघायचेच असतील तर यमकं बघा: राख-लाख, टपोर-पोर, घुंगरू-वासरू. त्यांत 'टपोर' च्या शेवटी अख्खं 'पोर' आहे, हे मुलीला स्वतःला सापडू द्या.

शेवटी सांज. 'वाटे जणू गाय शोधते वासरू.' ही उत्प्रेक्षा खरी, तिथे गाइड आणि मी एका बाजूला. पण उपमा का नाही, हे तिने लिहिलंय का? सांज गाईसारखी आहे असं कवी म्हणत नाही. सांज येते तेव्हा ती गाईचं काम करताना दिसते, वासरू शोधताना. आता ही कल्पना कुठून आली? तुम्ही सांगू शकाल. दिवस कलता गुरं परत येतात, धूळ उडते, गोठ्यात बांधलेलं वासरू आधीच ओढ घेत असतं आणि गाय लांबूनच हंबरते. संध्याकाळी जिवाला होणारी ती कालवाकालव कवीने गाईला देऊन टाकली. हे समजलं की 'जणू' मुळे उत्प्रेक्षा एवढ्यावर तिचं भागणार नाही.

परीक्षेत उत्तर फार लांब लागत नाही. उपमेच्या ओळींसाठी तिने एवढं लिहिलं तरी पुष्कळ: 'कोरड्या पडलेल्या नाल्याची तुलना अंगणात उघड्या निजलेल्या मुलाशी केली आहे. नाला उपमेय, मूल उपमान, उघडे निजणे हा साधारण धर्म, "जसे" हा साधर्म्यवाचक शब्द. म्हणून उपमा अलंकार. नाला निजला असे म्हटल्याने चेतनगुणोक्तीही आहे.' नाव शेवटी लिहायची सवय लागली की कारण आपोआप आधी येतं.

माझ्या पद्धतीची एक पंचाईत मात्र सांगून ठेवते. या कवितेत पळस, मोह, नाला, घाटे, सगळं घरचं आहे. बोर्डाच्या पेपरात समुद्राची कविता आली तर? घाटंजीच्या मुलीने भरती-ओहोटी कुठे पाहिली? 'लाटांनी किनाऱ्याला फुले वाहिली' अशी ओळ आली, तर शिवारात काय आहे हा पहिलाच प्रश्न अडतो. तिथे फुलं म्हणजे फेस, हे तिला ठाऊक पाहिजे. त्यासाठी मोबाइलवर समुद्राचा, बर्फाचा, नारळीच्या बागांचा व्हिडिओ दाखवा. मोबाइल तसाही तिच्या हातात असतोच. लाट येते कशी, फुटते कशी, परत जाते कशी, हे आवाजासकट पाहू द्या. कोकणातल्या मुलांना पऱ्हाटी आणि वखर माहीत नसतात, त्यांनाही मी हेच सांगते. न पाहिलेल्या वस्तूवरचा अलंकार पाठांतराने एक वेळ ओळखता येतो, पण त्याचं कारण लिहिता येत नाही.

अबोल्याचं औषधही यातच आहे. तिच्या बाबांना बाजूला काढू नका, त्यांना काम द्या. मुलीने ओळ वाचायची आणि त्यांनी फक्त सांगायचं, 'हे असं नसते.' नाला निजत नसते. सांज वासरू शोधत नसते. जिथे ते 'असं नसते' म्हणतील तिथे मुलीने पेन्सिलीने रेघ ओढायची. जिथे 'हो, असंच असते' म्हणतील, मोहाच्या ओळींवर म्हणतीलच, तिथे रेघ नाही. त्यांच्यासारखा रोखठोक माणूस या कामाला फार उपयोगी पडतो. फक्त हसायचं नाही, एवढी अट घाला. आणि ते चुकून 'वारा चालतो' ला 'असंच असते' म्हणाले, तर मुलीला त्यांच्याशी भांडू द्या. धुऱ्याचा मुद्दा तिच्या हातात आहे, ती जिंकेल.

ट्यूशनचं म्हणाल तर मराठीसाठी लावू नका. पैसे आणि बसची सोय असेल तर गणिताची लावा.